बंदुकीच्या नळीतल्या अक्षता

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात एक वाइस बसवावा आणि त्याच्याभोवती सत्तरी ओलांडलेले तीन पुरुष बसवावेत; उरलेले आपोआप घडते. माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडे सांगण्यासारखं किती असतं गं!" त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या गोष्टी सांगताना हसू येते, त्या घडत असताना माझे हातपाय गार पडलेले असतात.

लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाची खोली आमची. गिरणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर यजमानांनी त्या टोकाला पत्रा मारून घेतला, आत एक टेबल ठेवले, टेबलाला तो लोखंडी जबडा, म्हणजे वाइस, बसवला आणि त्या सांदीला ‘कारखाना’ हे नाव दिले. कारखान्याचे कामगार तीन. यजमान, म्हणजे अनंतराव. त्यांच्याच खात्यात आयुष्य काढलेले, तिसऱ्या मजल्यावर राहणारे सावंत. आणि गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले, सॉलिसिटरच्या कचेरीत हयात घालवलेले त्रिलोकेकर. त्रिलोकेकरांना स्क्रू कोणत्या बाजूला फिरवावा, हे अद्याप नक्की ठाऊक नाही. परंतु पहिला हात नेहमी त्यांचाच असतो.

कारखान्याचे पहिले काम शेजारच्या सौ. परबांच्या कुकरचे होते. शिटी वाजत नव्हती. तिघांनी सकाळभर खपून ती दुरुस्त केली. कुकर गॅसवर चढला, शिटी वाजली आणि थांबेना! सौ. परब ओट्यापासून दूर उभ्या राहून पदराने कान झाकत होत्या. मी गॅस बंद केला. तरीही ती वाजतच होती.

"सावंत, हे काय?" मी विचारले.

"बाईनू, आधी आवाज येत नव्हतो, आता येता. आनी काय व्हया?"

तेव्हापासून बिघडलेल्या वस्तूपेक्षा आमच्याकडे दुरुस्त झालेल्या वस्तूची मला अधिक धास्ती वाटते.

*

खंडेनवमीच्या दुपारी त्रिलोकेकरांचा फोन आला.

"बाई, अनंत आहे का? नाही, काही विशेष नाही."

आयुष्यभर वर्ग सांभाळल्यामुळे ‘काही विशेष नाही’ या शब्दांनंतर काय येते, याची मला कल्पना आहे. मी सरळ विचारले, "काय मोडलंत?"

त्रिलोकेकरांच्या घरी त्यांच्या वडिलांची एक जर्मन रायफल आहे. छऱ्यांची, हवेच्या दाबावर चालणारी; नळी मधोमध खाली वाकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि नळीच्या मागच्या तोंडाशी छरा बसवता येतो. ठरावीक मर्यादेखालच्या अशा हत्याराला परवाना लागत नाही, ही खात्री मी पूर्वीच पोलीस ठाण्यात जाऊन करून घेतली होती; त्रिलोकेकरांच्या तोंडच्या कायद्यावर मी विसंबत नाही. त्यांची नात रुता कॉलेजात शिकते आणि याच रायफलीने नेमबाजी करते. क्लबच्या सामायिक बंदुकांवर तिचा हात बसत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या संघाची निवड होती. संघात एकच जागा रिकामी होती आणि त्या एका जागेसाठी या पोरीने वर्षभर पहाटे उठून, सिनेमे सोडून, मैत्रिणींचे टोमणे खाऊन सराव केला होता.

त्रिलोकेकरांकडे नवमीला शस्त्रपूजा होते. घरात तलवार उरलेली नसल्यामुळे तो मान रायफलीचा. रायफल देव्हाऱ्याशेजारी उभी करतात, नळीचे तोंड वर. रुताच्या आजीने गंध लावले, फूल वाहिले आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता सढळ हाताने, मुठीने वाहिल्या. त्यांतल्या निम्म्या थेट नळीत गेल्या!

पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावू नये, हा दंडक. पण परवावर निवड आलेली. पोरीला कुठले राहवते? आजीचा डोळा लागल्यावर तिने छरा भरला, चाप ओढला. ‘फुस्स’ एवढाच आवाज झाला. छरा बाहेर आलाच नाही.

"मग?" मी फोनवर विचारले.

"मग मी मदत केली," त्रिलोकेकर म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले.

त्यांनी मोडक्या छत्रीची एक काडी उपसून नळीच्या तोंडातून आत घातली होती. काडी आत गेली, छऱ्याच्या बाजूने घुसली आणि जिथे नळी मधोमध वाकते, नेमक्या त्या सांध्यात जाऊन रुतली. आता नळी वाकेना आणि काडीही बाहेर येईना. दुरुस्तीची दुकाने दसऱ्यापर्यंत बंद.

मागून रुताचा आवाज आला. ती रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडचा, अगदी सपाट आवाज होता तो. "काकांना विचार ना आजोबा, नळी काढता येईल का."

*

दसऱ्याच्या सकाळी रायफल लालबागला आणायची ठरली. ती उघडी नेणे प्रशस्त नव्हे, म्हणून त्रिलोकेकरांनी ती कैलासवासी बहिणीच्या तंबोऱ्याच्या गवसणीत घातली. सणाचा बंदोबस्त होता. वाटेत टॅक्सी अडवली गेली.

तरुण शिपाई खिडकीशी वाकला. "काय आहे आजोबा यात?"

हे सगळे रुताने मला नंतर सांगितले. गुन्हा नव्हता, हे तिलाही माहीत होते. पण गवसणी उघडली जाणार, गर्दी जमणार, चौकीत बसून सगळे समजावून सांगावे लागणार आणि हाताशी असलेला एकमेव दिवस तिथेच संपणार! तिने आजोबांचा हात दाबला. त्याचा अर्थ ‘गप्प राहा’ असा होता.

त्रिलोकेकरांच्या घराण्यात खोटे बोलण्याची रीत नाही. ते ताठ बसले आणि स्पष्ट म्हणाले, "बंदूक आहे."

शिपायाने गवसणीकडे पाहिले, त्रिलोकेकरांच्या टोपीकडे पाहिले आणि तो मनापासून हसला. "काय आजोबा, सकाळी सकाळी मस्करी! जावा. आणि कार्यक्रमाला आम्हाला पण बोलवा!"

टॅक्सी सुटली. त्रिलोकेकर आमच्या घरी पोहोचेपर्यंत धुसफुसत होते. "अहो, खरं सांगितलं तर विश्वास नाही! पोलिसांचं काय होणार?"

*

रायफल बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवल्यावर यजमानांनी एकच प्रश्न विचारला आणि खोलीतली हवा बदलली.

"भाई, काडी घालण्यापूर्वी तू नळी वाकवली होतीस का?"

त्रिलोकेकर विचारात पडले. "आत बघण्यासाठी जराशी वाकवली असेन."

"जराशी म्हणजे किती? ‘कट्’ असा आवाज आला होता?"

"आला असेल."

"असेल म्हणजे?"

"अरे अनंता, त्या वेळी खाली लाउडस्पीकर चालू होता!"

यजमानांनी मला समजावून सांगितले. आवाज आला असेल, तर स्प्रिंग ताणलेल्या अवस्थेत आत बसलेली आहे. नळी काढताना चापाला धक्का लागला, तर ती सुटेल आणि कुणाची बोटे नेमकी कुठे असतील, हे सांगता येत नाही. आवाज आला नसेल, तर काहीच नाही. बाहेरून पाहून दोहोंतला फरक ओळखता येत नव्हता. मी माझ्या चौघांची बोटे मनातल्या मनात मोजली. रुता स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"पहिल्यांदा सगळ्यांनी मागे व्हा," मी म्हणाले. हा माझा वर्गातला आवाज होता. चौघेही मागे झाले.

मग रायफल सतरंजीत घट्ट गुंडाळून टेबलाला बांधली. नळीच्या तोंडापुढे गुंडाळलेली गादी आणि तिच्यामागे भिंत. चापाला दोरी बांधायची तर दोरी मिळेना. शेवटी माझ्या कोऱ्या परकराची नाडी काढली. आम्ही पाचही जण आतल्या खोलीत, दाराच्या पाखाआड. नाडीचे टोक सावंतांच्या हाती. रुताने कानांत बोटे घातली. त्रिलोकेकर पुटपुटत होते. बहुधा रामरक्षा, पण ओळींचा क्रम चुकत होता.

"ओढतंय हां," सावंत म्हणाले.

"थांबा!" मी म्हणाले.

"काय झाला?"

"काही नाही. ओढा."

त्यांनी ओढली. काहीही झाले नाही. पुन्हा ओढली. चाप नुसता सैल हलत होता. स्प्रिंग ताणलेली नव्हतीच!

सावंत भिंतीला टेकून खाली बसले. "रिकामी बंदूक पाच जनांक घामटा काडता. भरलेली असती तर काय केला असता!"

"ताणलेली नव्हती," यजमान म्हणाले.

"तेच मी मघापासून सांगतोय!" त्रिलोकेकर म्हणाले.

"आपण मघापासून नेमके याच्या उलट सांगत होता," मी म्हणाले आणि नाडी परत मागितली.

*

आता काम सुरू होणार, असे कुणालाही वाटेल. यजमानांनी पत्र्याआडचा पडदा सारला आणि थबकले. कारखान्यातली सगळी हत्यारे पूजेत मांडलेली होती! वाइसला झेंडूची माळ, हातोडीला हळदकुंकू, पान्यांपुढे नारळ. आदल्या दिवशी सावंतांनीच साग्रसंगीत मांडली होती ती.

गिरणीत चालत आलेला रिवाज असा की, खंडेनवमीला पुजलेले हत्यार दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत उचलायचे नाही. वर्षभर आपल्यासाठी झिजते ते. दोन दिवस त्याचे. सावंतांच्या हातून तो रिवाज आजवर कधी मोडलेला नव्हता.

"संध्याकाळी करूया," सावंत खाली बघत म्हणाले. "सोना वाटून झाल्यावर."

"संध्याकाळी उजेड नसतो सावंतकाका," रुता म्हणाली. "आणि काही चुकलं तर पुन्हा वेळच नाही."

"मग बाजूवाल्याचा स्क्रूड्रायवर आनतंय."

"सावंत, आज लालबागेत एकाही घरचं हत्यार पूजेबाहेर नाही," यजमान म्हणाले.

 मला दोन्ही बाजू समजत होत्या आणि म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. पोरीचे वर्ष त्या नळीत अडकले होते. पण ज्या माणसाने आयुष्यात एकच नियम पाळला, त्याला तो मोड म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? मी शास्त्राचा आधार शोधला.

"उत्तरपूजा करावी," मी म्हणाले. "गणपतीची करतो, तशी. अक्षता वाहून पूजा विसर्जित केली की हत्यारं मोकळी." आणि मी अक्षतांची वाटी उचलली.

"बाई, अक्षता नकोत!" त्रिलोकेकर केवढ्यांदा तरी ओरडले आणि रायफलीच्या तोंडावर त्यांनी दोन्ही हात धरले.

वाटी मी खाली ठेवली. सावंत मात्र उठले होते. त्यांनी पाय धुतले, टोपी नीट केली, वाइससमोर उभे राहून हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसे खणखणीत गाऱ्हाणे घातले.

"बा वाइसा, हातोड्या, पान्या, म्हाराजा! आज तुमचो इसाव्याचो दिस. तरी पन ह्या चेडवाची उद्या परीक्षा आसा, म्हनान तुमका उठवतंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यजमान म्हणाले.

"नळयेत जां काय अडाकला आसा, तां सुखरूप भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी त्रिलोकेकर आणि रुता दोघेही.

"आनी ह्या त्रिलोकेकरांका ह्याच्या फुडे कशाकच हात न लावूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सर्वांत मोठा होता आणि तो माझा होता.

*

रायफलीचा लाकडी दस्ता निघाला. आता सांध्यातला मुख्य बोल्ट. त्यावरच नळी वाकते आणि तोच काढला की नळी सुटी होते. यजमानांनी वाइसच्या जबड्यांना लाकडाच्या फळ्या लावल्या, म्हणजे लोखंडावर ओरखडा येऊ नये, आणि मधे रायफल धरली. बोल्ट अडवून धरणारा छोटा अडकस्क्रू काढायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला.

तो लागेना. त्यांच्या उजव्या हाताला काही महिन्यांपासून कंप आहे. कुणासमोर त्याचा उल्लेख व्हायचा नाही, हा आमच्या घरातला अलिखित करार. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसे आणि निसटे. पुन्हा बसे, पुन्हा निसटे. लोखंडावर एक बारीक चकाकती रेघ उमटली. मी रेघेकडे पाहिले नाही. यजमानांच्या चेहऱ्याकडेही नाही.

"मी करतंय," सावंत म्हणाले. पण त्यांना चष्म्यातूनही ती खाच दिसत नव्हती.

"इकडे द्या, मी..." त्रिलोकेकर म्हणाले.

"नाही!" हे चौघांच्या तोंडून एकदम निघाले.

यजमानांनी स्क्रूड्रायव्हर रुतापुढे धरला. "या खोलीत स्थिर हात एकच आहे. घे."

"काका, मी कधी केलेलं नाही. बिघडलं तर?"

"बिघडलं तर तुझंच बिघडेल. म्हणून तू जपून करशील. नेम धरतेस ना, तसंच. श्वास सोड, मग फिरव."

तिने श्वास सोडला. अडकस्क्रू निघाला. बोल्ट मात्र जागच्या जागी घट्ट चिकटलेला. तेल सोडले, थांबलो, पुन्हा प्रयत्न केला. दोनदा पाना घसरला आणि दोनदा माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघाले. तिसऱ्या वेळी एक कुरकुरीत आवाज झाला. काहीतरी मोडले, असे मला वाटले; काहीतरी सुटले, असे यजमानांना. सुदैवाने ते बरोबर होते.

नळी पुढे ओढताच काडीसकट बाजूला आली. यजमानांनी मागच्या बाजूने पितळेची सळई लावून दिली, रुताने हलक्या हाताने ठोकली आणि टेबलावर एकापाठोपाठ एक वस्तू पडल्या: छत्रीची वाकडी काडी, चेपलेला छरा आणि लालभडक कुंकवाने माखलेला, दगडासारखा झालेला तांदळाचा गोळा.

पण खरी भीती पुढे होती. नळीच्या आतल्या पोटाला पिळाच्या बारीक वळ्या असतात. त्यांच्यामुळेच छरा सरळ जातो. काडीने तिथे ओरखडा काढला असला, तर नळी फेकूनच द्यायची. यजमानांनी ती पुसली आणि गॅलरीबाहेरच्या आभाळाकडे धरून एक डोळा मिटला. बराच वेळ ते तसेच उभे होते. त्रिलोकेकरांनी खांबाचा आधार घेतला.

"अनंता, बोल काहीतरी!"

 यजमानांनी नळी रुताच्या हातात दिली. तिने पाहिले. मग मान खाली घालून ओढणीने डोळे पुसले.

"ओरखडा?" त्रिलोकेकरांनी विचारले.

"स्वच्छ आहे आजोबा. एकदम स्वच्छ!"

"मग रडतेस कशाला?" ते ओरडले. "इथे माणसं मरतील ना!"

*

नळी परत बसेपर्यंत ऊन उतरले. आता चाचणी. छरा सरळ बाहेर पडतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पोर निवडीला जाणार कशी? लालबागेत एवढी लांब मोकळी जागा एकच, आमची गॅलरी. तिच्या दुसऱ्या टोकाला आंधळी भिंत आहे. तिथे गाद्यांची चळत रचली आणि तीवर कागद टाचला. मजल्यावरची सगळी दारे मी स्वतः ठोठावून बंद करून घेतली, कड्या लावल्याची खात्री केली आणि जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिले. कारण जिना नेमका गॅलरीच्या मध्यावर उघडतो.

आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. दसऱ्याची संध्याकाळ! अख्खी चाळ सोने घेऊन वर यायला निघाली होती. आपट्याची पाने हातात, नवे कपडे, पुढे मुले, मागे बायका. जिना बघता बघता भरला.

"कुणीही पायरी ओलांडायची नाही!" मी म्हणाले. "भिंतीला लागून रांग करा. हात बाहेर काढायचे नाहीत. परब, डोकं मागे!"

चाळीतली निम्मी माणसे माझ्या हाताखालून गेलेली आहेत. बाप झालेली माणसे भिंतीला चिकटून उभी राहिली.

सौ. परबांनी खालून दबक्या आवाजात विचारले, "बाई, काय झालं हो? कुणी गेलं की काय?"

"कुणी जाऊ नये, म्हणूनच उभी आहे."

 माझ्या पाठीमागे ‘टप्प’ असा आवाज झाला. मग गादीवर एक बारीकसा धक्का. मी डोळे मिटले. पुन्हा ‘टप्प’. पुन्हा. मग सावंतांची आरोळी आली, "छरो भायर पडता हा! बाईनू, चेडू जिंकला!"

"अजून परीक्षा व्हायची आहे सावंत," मी म्हणाले. पण रांगेतल्या माणसांनी काहीही न कळता टाळ्या वाजवल्या आणि मला सोने देण्यासाठी एकदम वर धाव घेतली.

*

निवडीला सावंत आले नाहीत. "मी इलंय तर माजी छाती थांबात," म्हणाले. आम्ही चौघे टॅक्सीने दादरला गेलो. नेमबाजीच्या दालनाला मागे काच आहे; पालकांनी काचेमागे, बोलायचे नाही, उभे राहायचे नाही.

मुलींच्या दोन तुकड्या होत्या. रुता पहिल्या तुकडीत. त्रिलोकेकरांनी माझा हात धरला आणि शेवटच्या छऱ्यापर्यंत सोडला नाही. माझ्या बांगडीचा वळ अजून मनगटावर आहे. यजमान स्वतःचा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून बसले होते. रुता शांतपणे छरा भरी, श्वास सोडी, चाप ओढी. तुकडी संपली, तेव्हा तिचे नाव फळ्यावर सर्वांत वर होते.

"झालं!" त्रिलोकेकर कुजबुजले. "आता दुसऱ्या तुकडीत कोण आहे एवढं!"

दुसऱ्या तुकडीत समीक्षा नावाची एक मुलगी होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा. तिने रायफल उचलली, चाप ओढला आणि तो परत येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. परीक्षक आले, त्यांनी पाहिले, मान हलवली. क्लबच्या सगळ्या रायफली तुकडीत वाटल्या गेल्या होत्या. ती मुलगी रायफल हातात घेऊन तशीच उभी राहिली. नवमीला फोनवर ऐकलेला तो सपाट आवाज मला उगाचच आठवला.

रुता आमच्या दिशेने येत होती. अर्ध्यावर थांबली. वळली आणि सरळ त्या मुलीकडे गेली.

त्रिलोकेकर उठून उभे राहिले. "अनंता! अरे, ती बंदूक देते आहे!"

"बस खाली."

"अरे, पण ती बंदूक देते आहे!"

"दिसतंय मला. बस!"

समीक्षाने रायफल घेतली, खांद्याला लावून पाहिली. सरावाचे दोन छरे मारले, खाली ठेवली आणि नेमाच्या पट्टीवरचा स्क्रू बोटांनी किंचित फिरवला. मग ती मारत गेली. एकदाही थांबली नाही.  आपण नक्की कशासाठी प्रार्थना करतो आहोत, हेही त्या वेळी मला नीट सांगता आले नसते.

परीक्षकांनी फळ्यावरची नावे पुसली आणि पुन्हा लिहिली. समीक्षा वर. रुता तिच्याखाली, एका गुणाने.

 परतीच्या टॅक्सीत रायफल गवसणीत घालून रुताने मांडीवर आडवी धरली होती. त्रिलोकेकर पुढच्या सीटवर होते. त्यांच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. परळ गेले. भारतमाता थिएटर गेले. आमच्या चाळीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. मी आणि यजमान उतरलो. ते दोघे पुढे गिरगावला जाणार होते. काहीतरी सांत्वनाचे बोलावे, म्हणून मी खिडकीशी वाकले. 

पण रुताच आधी बोलली. माझ्याशी नव्हे, यजमानांशी.

"काका, समीक्षा म्हणत होती, ही बंदूक किंचित उजवीकडे मारते. म्हणून तिने स्क्रू फिरवला. माझ्या लक्षातच आलं नाही. काल बसवताना आपल्याकडून नळी तिरकी बसली असेल का?"

यजमानांनी क्षणभर विचार केला. "असेल."

"मग परत काढू या?"

यजमानांनी वर, आमच्या गॅलरीकडे पाहिले. 

ड्रायव्हरने मागे वळून विचारले, "गिरगाव चलें, साब?"

त्रिलोकेकरांनी दार उघडले आणि एक पाय बाहेर टाकला.

"नहीं," ते म्हणाले. "हम भी इधर ही उतरते हैं."